घरी सिगार वळायचाय? आधी ओल सांभाळा, देखणेपणा नंतर

घरी सिगार वळायला लागलेले बहुतेक जण सुरुवातीला वरच्या पानाच्याच मागे लागतात. वळसा सरळ आला का, शिरा दिसतायत का, तोंडाकडच्या टोकावरची टोपी गोल बसली का, आणि मग एकदाचा फोटो काढण्यालायक सिगार तयार झाला की पेटवतात आणि कळतं की धूरच येत नाहीये, ओढून ओढून गाल दुखायला लागतात. सिगार बनतो किंवा बिघडतो तो फिलरमध्ये, म्हणजे आत भरलेल्या पानांत, आणि पानाच्या ओलीत. वरचं पान शेवटचं काम, ते हळूहळू हाताला येतंच.

आधी थोडं रुक्ष बोलून घेऊ. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा, घशाचा कॅन्सर सिगारनेही होतो, घरी वळलेला आहे, केमिकल नाही वगैरे सगळं स्वतःची समजूत काढणं आहे. जो ओढत नाही त्याने हा छंद लावून घ्यायचं काहीच कारण नाही, जो आधीच महिन्याकाठी एखाददुसरा ओढतो त्याच्यासाठी हे लिहितोय. दुसरं म्हणजे ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, तासभर उघड्या हाताने काम केलं तर डोकं जड होऊन मळमळायला लागू शकतं, म्हणून पातळ नायट्राइल ग्लोव्हज घाला. पोरंबाळं आणि कुत्री-मांजरं टेबलापासून लांब. आणि सिगार वळायला पोळपाट वापरायची आयडिया डोक्यात आली असेल तर वापरा खुशाल, पण मग त्याच्यावर पुन्हा पोळी लाटायची नाही, तो सिगारचा झाला.

आता पान. मी अमेरिकेत राहतो, इथे अख्खं पान ऑनलाइन पाउंडाच्या वजनावर मिळतं, वय २१ पूर्ण पाहिजे. स्वतःपुरतं वळलं तर काही भानगड नाही, पण एक जरी विकला तरी फेडरल परमिट आणि टॅक्सचं लफडं सुरू होतं, त्यामुळे मित्राकडून "खर्चाचे तेवढे घे रे" असं म्हणूनही पैसे घेऊ नका. ब्रिटनमध्ये २०१७ पासून कच्च्या तंबाखूसाठी सरकारी मंजुरी लागते, तिथल्यांनी आधी नियम बघा आणि मग कार्ट भरा. भारतात असाल तर वेगळीच अडचण, निपाणीकडचा तंबाखू विडीचा, उन्हात वाळवून चुरा करायचा, त्याचं सिगारवर गुंडाळता येईल असं लवचिक पान मिळत नाही. आंध्रातला व्हर्जिनिया सिगारेटचा. सिगारचं पान सावलीत हवेवर वाळवतात आणि मग ढीग लावून आंबवतात, त्या आंबवण्यात अमोनिया निघून जातो आणि चव येते. भारतात त्याच्या जवळचं काही बघायचं तर तमिळनाडूत दिंडीगुल-त्रिची भाग, चिरुटाची जुनी जागा. पण सिगारेट फोडून त्यातला तंबाखू भरू नका प्लीज, असं विचारणारे खरंच भेटतात.

पानं तीन कामांची लागतात. आतलं फिलर, त्याला धरून ठेवणारं बाइंडर आणि वरचं रॅपर. फिलरमध्येही झाडाच्या उंचीप्रमाणे प्रकार आहेत: खालची पानं व्होलाडो, ती पटकन जळतात, मधली सेको, वास त्यांच्यात, आणि शेंड्याकडची लिजेरो, जाड, तेलकट, कडक, हळू जळणारी. सुरुवातीला अर्धं सेको आणि बाकीच्या दोघांचं पाव-पाव असं धरा. लिजेरो नेहमी मधोमध, कडेला आलं की तेवढी बाजू मागे राहते आणि सिगार तिरका जळतो. जात कुठली म्हणाल तर डोमिनिकन किंवा निकाराग्वाचं क्रिओलो, कोरोहो फिलरला, बाइंडरला साधं मजबूत काहीही, आणि रॅपरला पहिल्यांदा कनेक्टिकट ब्रॉडलीफ घ्या कारण ते जाड असतं, ताण सहन करतं. कनेक्टिकट शेड दिसायला सुंदर, पण इतकं नाजूक की नवख्याच्या हातात टर्रकन फाटतं. क्युबाचं पान अमेरिकेत विसरा, १९६२ पासून बंदी आहे. कोणी ऑनलाइन "ओरिजिनल क्युबन लीफ" म्हणून विकत असेल तर समजून जा.

पार्सल आल्या आल्या पिशवी बंद ठेवून चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये टाका. तंबाखूचा एक बारीक भुंगा असतो, त्याची अंडी पानात असू शकतात आणि उबदार हवेत ती फुटली की सगळ्या साठ्याला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नॉर्मल टेंपरेचरला येऊ द्या.

आता ओल, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक इथेच घाई करतात. पान येतं तेव्हा बहुतेक वेळा इतकं कोरडं असतं की घडी उघडायला गेलं तरी चुरा होतो, त्यामुळे कोरड्याला हातच लावायचा नाही. स्प्रे बॉटलमध्ये डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, लांबून बारीक फवारा मारायचा, झिपलॉकमध्ये भरून रात्रभर ठेवायचं म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते, सकाळी पानं हलक्या हाताने उलगडायची आणि मधली जाड शीर काढायची. टोकाकडून पकडून देठाकडे ओढत नेली की ती सहसा अख्खी निघते. फिलरची शीर थोडी राहिली तर चालेल, रॅपर-बाइंडरची पूर्ण काढायची, म्हणजे एका पानाची दोन अर्धी होतात, डावं आणि उजवं, ती वेगवेगळ्या गठ्ठ्यात ठेवा, का ते पुढे येईल.

फिलर आणि रॅपर यांची ओल एकसारखी नसते. रॅपर पूर्ण नरम पाहिजे, हातात हलवलं तर आवाज नको, बोटावर ताणलं तर ताणलं जावं. फिलर त्याच्यापेक्षा बरंच कोरडं, मुठीत हलकं दाबलं तर बारीक कुरकुर ऐकू यावी पण तुटू नये, आणि मूठ सोडली की फुलून परत वर यावं. मुठीत दाबलेलं तसंच चपटं राहिलं तर ओल जास्त आहे, उघड्यावर पसरून ठेवा आणि चहा पिऊन या. ओलं फिलर भरलं की दाबताना गच्च बसतं आणि सिगार जाम. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम करू नका असंच म्हणेन, किंवा एसी लावून करा, नाहीतर फिलर सुकायचं नाव घेत नाही आणि वर बुरशी.

सामान फार लागत नाही. लाकडी बोर्ड, अर्धगोल पात्याचा चावेता मिळाला तर छान, नाहीतर पिझ्झा कटर मस्त चालतो. ग्रॅममध्ये मोजणारा काटा. चिकटवायला गोंद कतिरा, इंडियन स्टोअरमध्ये मिळतो, त्याचे दोन-तीन खडे रात्रभर पाण्यात भिजवले की फुगून लगदा होतो, त्याला चव-वास काही नाही. साच्याचं नंतर बघू.

पहिला आकार रोबुस्टो घ्या, ५ इंच लांब आणि ५० रिंग, रिंग म्हणजे इंचाचा ६४वा भाग, तेव्हा साधारण २० मिलिमीटर जाडी. बारीक सिगार सोपा वाटतो पण त्यात हवेला वाट ठेवणं जास्त अवघड. फिलर १० ते १२ ग्रॅम मोजून घ्या, अंदाजाने नको, कारण मन नेहमी थोडं जास्तच घालतं.

आता मेन काम. फिलरचं एक-एक पान घ्यायचं आणि साडीच्या निऱ्या घालतो तशा लांबीच्या दिशेने सैलसर निऱ्या घालत डाव्या हातात धरत जायचं, आधी सेको, मग मध्ये लिजेरो, मग पुन्हा सेको आणि बाहेरून व्होलाडो. प्रत्येक निरीमध्ये जी फट राहते ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली पाहिजे, धूर तिथूनच येणार आहे. पानांची टोकं पेटवायच्या बाजूला ठेवा. लांब पडलेला भाग तोडून मधल्या पोकळ जागी घाला, दुमडून नाही, दुमडलं की तिथे गाठ. आणि काहीही झालं तरी जुडी पिळायची नाही, हाताला सवय असते दोरी पिळायची, ती सोडा, एक पीळ पडला की सगळ्या वाटा बंद. हातातली जुडी चिमटीत चाचपत जा, कडक लागेल तिथलं थोडं काढा, पोकळ लागेल तिथे तुकडा घाला. तोंडाकडच्या बाजूला किंचित कमीच ठेवा, कारण सगळ्यात जास्त जाम तिथे होतं.

बाइंडरचं अर्धं पान बोर्डावर तिरकं टाकून त्याच्यावर जुडी ठेवून गुंडाळायची, शेवटाला गोंदाचा एक ठिपका. घट्ट म्हणजे किती? बोटाने दाबलं तर दबावं आणि परत यावं. आणि आत्ताच, रॅपर लावायच्या आधी, तोंडात धरून हवा ओढून बघा. अजिबात येत नसेल तर उलगडा आणि परत करा, जोर न लावता भसकन येत असेल तर थोडं फिलर वाढवा. ही एक टेस्ट टाळली नाही तर निम्मे सिगार वाचतात.

साचा असेल तर त्यात पाऊण तास दाबून ठेवा, मग पाव गिरकी फिरवून परत पाऊण तास, नाहीतर साच्याच्या जोडाची रेघ उमटते. नसेल तर बेकिंग पेपरमध्ये घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं वळून रात्रभर ठेवा, सुरुवातीला यावर भागतं, लाकडी साच्यावर पैसे नंतर घाला.

रॅपर लावताना पानाची उलटी बाजू, शिरा उठून दिसतात ती, वर ठेवायची, म्हणजे गुंडाळल्यावर ती आत जाते. बाहेरची कड पिझ्झा कटरने कापून सरळ करा. सुरुवात पेटवायच्या टोकापासून, पानाचं टोक तिथे, आणि साधारण ४५ अंशात तिरकं धरून पुढे पुढे सरकवत जायचं, उजव्या हाताने सिगार फिरवायचा आणि डाव्याने पान हलकं ताणून धरायचं. डाव्या अर्ध्या पानाचा वळसा एका दिशेला आणि उजव्याचा बरोबर उलट दिशेला. म्हणून ते गठ्ठे वेगळे. दोन्ही एकाच दिशेने गुंडाळायला गेलात तर शिरा सिगारच्या लांबीला धरून न येता आडव्या येतात आणि पान फुगतं. तोंडाशी आलात की उरलेल्या पट्टीला निमुळता काप देऊन गोंदाने बसवा. टोपीसाठी रॅपरच्या कापलेल्या तुकड्यावर क्वार्टरचं, म्हणजे २५ सेंटचं नाणं ठेवून चकती कापा, गोंद लावून डोक्यावर दाबा. पहिल्यांदा ती सुरकुतणारच, जळताना काही फरक पडत नाही.

वेग मात्र विसरा. सोलापूर-सिन्नरकडच्या बायकांची मजुरीच हजार विड्यांवर ठरते, त्यांनी आपल्याला एका सिगारशी झटापट करताना बघितलं तर पदर तोंडाला लावून हसतील. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आहे, आपण हेडफोन लावून काहीतरी ऐकायचं, डोळे आणि हात मोकळे ठेवायचे.

वळल्या वळल्या एक ओढून बघायला हरकत नाही, पण त्या दिवशी नाही ओढला तर मग काही आठवडे हात लावू नका, मधल्या काळात ओल आत-बाहेर सारखी होत असते आणि चव कडवट, अमोनियाच्या वासाची येते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ओल ६५ टक्क्यांवर धरून ठेवणारं ह्युमिडिटी पाकीट टाकून ठेवलं की झालं, महागडा लाकडी पेटारा नंतर. डबा उन्हापासून लांब, शक्यतो २० डिग्रीच्या आसपास.

पेटवल्यावर काय होतं त्यावरून पुढच्या सिगारमध्ये बदल करा. एकच बाजू जळत असेल तर लिजेरो सरकलंय किंवा निऱ्या कमी-जास्त झाल्या. सारखा विझत असेल तर फिलर ओलं. मधून पोकळ जळत गेला तर जुडी मधे सैल. रॅपर तडकलं तर ते लावताना कोरडं होतं किंवा जास्त ताणलं. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक सिगारला मास्किंग टेपची पट्टी लावून तारीख, कुठलं पान, किती ग्रॅम हे लिहून ठेवा, दोन महिन्यांनी डबा उघडल्यावर कुठला कुठला ते अजिबात आठवत नाही.

कापलेले तुकडे फेकू नका. वेगळ्या झिपलॉकमध्ये साठवा, पुरेसे झाले की बारीक तोडून, चाळणीने भुगा काढून टाकून बाइंडरमध्ये शॉर्ट फिलर म्हणून भरा. त्यात निऱ्यांची भानगड नाही, आणि रॅपर लावायची प्रॅक्टिस करायची असेल तर चांगलं पान वाया घालवण्यापेक्षा याच्यावर करा.