माथेरानमध्ये कर्करोगातून सावरलेल्यांसाठी अश्वफेरी : आयोजनाची पद्धत

माथेरानमध्ये खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नसल्याने आणि घोडे व मोतद्दार (घोडे सांभाळणारे) गावातच असल्याने कर्करोगातून सावरलेल्यांसाठी निधी उभारणाऱ्या अश्वफेरीला ही जागा सोयीची आहे. पावसाळ्यात लाल मातीच्या वाटा निसरड्या होतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधील एखादी सकाळ निवडावी आणि नगरपरिषदेची परवानगी आधीच घ्यावी.

निधी कशासाठी, हे सर्वांत आधी ठरवावे. उपचार संपले की खर्चही संपला असा आपला समज असतो. परंतु पुढील तपासण्यांसाठी शहरात येण्याजाण्याचे भाडे, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज आल्यास वापरायची दाबपट्टी, स्वरयंत्र काढलेल्यांसाठी बोलण्याचे साधन, हे सारे नंतरच लागते. देणग्या नोंदणीकृत न्यासाच्या बँक खात्यातच स्वीकाराव्यात. २००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हे देणगीदारांना आधी सांगावे. घोडेवाल्यांकडून मात्र फुकट सेवा मागू नये. त्यांचे पोट याच दिवसांच्या कमाईवर चालते, तेव्हा त्यांच्या मजुरीसाठी स्वतंत्र प्रायोजक शोधावा.

घोड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांहून अधिक भार नसावा, म्हणजे ३०० किलोच्या घोड्यावर खोगिरासह ६० किलो. हा नियम अनेक प्रौढांना घोड्यापासून दूर ठेवतो, तरीही तो मोडू नये. अशांनी सोबत चालावे. आदल्या दिवशी पशुवैद्यकाकडून लंगडणे, नाल आणि खोगिराखालील जखमा तपासून घ्याव्यात.

कर्करोगातून सावरलेल्या व्यक्तीस स्वार व्हायचे असेल, तर तिच्या डॉक्टरांची लेखी संमती आवश्यक आहे. रोग हाडांत पसरलेला असल्यास किंवा रक्तातील प्लेटलेट (रक्त गोठवणारे घटक) कमी असल्यास किरकोळ पडणेही गंभीर ठरते. केमोथेरपी चालू असलेल्यांनी लीद व धुळीपासूनही दूर राहावे. कोणाच्याही आजाराची माहिती त्याच्या संमतीविना फलकावर किंवा ध्वनिक्षेपकावर येता कामा नये. ज्याला केवळ झेंडा दाखवायचा आहे, त्याचा सहभाग स्वारांइतकाच मोलाचा मानावा.

प्रत्येक घोड्यासोबत एक मोतद्दार आणि प्रत्येक स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे. तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पट्टा, निघण्यापूर्वी आणि थोडे चालल्यावर पुन्हा तपासावा, रिकिबीत पायाचा केवळ पुढचा भाग ठेवावा, आणि दुडकी चालही टाळून साध्या चालीनेच जावे. परतल्यावर खोगीर उतरवून घोड्यांना सावलीत पाणी द्यावे आणि मोतद्दारांची मजुरी त्याच दुपारी चुकती करावी.