समितीत बसून हिशोब मागताय? या चुका टाळा

नागपुरात राहून मी आसपासच्या नगरपरिषदांतल्या नव्या सदस्यांची सभेची तयारी करून घेतो. बहुतेक जण भाषण पाठ करून येतात आणि विषयपत्रिका सभागृहाच्या दारात उघडतात. हे पाहून दर वेळी जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "का" विचारणं. "रस्ता खराब का?" म्हटलं की "तपासून घेतो" एवढं उत्तर मिळतं आणि विषय मिटतो. कारणं मागू नका, कागद मागा. कार्यादेश, अंदाजपत्रक, देयक म्हणजे ठेकेदाराचं बिल, आणि मुख्य म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं जिथे नोंदवतात ती मोजमाप पुस्तिका, आपली एमबी.

बांधकाम समितीवर नव्यानं आलेला एक तरुण पेव्हर ब्लॉकच्या कामावरून दोन सभा ओरडला. हाती काहीच लागलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, आधी एमबी बघ." एमबीत जाडी होती 80 मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गल्लीत गेलो. नालीच्या कडेला एक ब्लॉक सुटून पडला होता. माती झटकून पट्टी लावली, तर 60. आणखी चार ठिकाणचे सुटे ब्लॉक मोजले, पट्टीवरचे आकडे वाचता येतील असे फोटो काढले. तिसऱ्या सभेत त्यानं शांतपणे विचारलं, "ही मोजणी कोणी केली, कोणत्या तारखेला?" अभियंता गप्प. देयक थांबवायचं ठरलं.

आणि इथेच आम्ही दुसरी चूक केली. पुढच्या सभेत मागच्या सभेची लेखी नोंद, म्हणजे इतिवृत्त, कायम करताना सगळे सवयीनं "मंजूर, मंजूर" म्हणाले, आमचा भाऊही. त्यात फक्त "चर्चा झाली" एवढंच लिहिलं होतं. महिनाभरात देयक निघालं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, आपलं म्हणणं सभेतच कागदावर लिहा, त्याच दिवशी द्या, पोच घ्या. इतिवृत्त ओळ न् ओळ वाचल्याशिवाय तोंडातून "मंजूर" काढू नका.

लेखापरीक्षण अहवालात आधी अनुपालन न झालेले, म्हणजे पूर्तता न होता तसेच राहिलेले, जुने आक्षेप पाहा.

विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कारभार तपासते. महापालिकेच्या झोनची तक्रार तिथे नेऊन दिवस घालवू नका.

"दहा वर्षांचा सगळा खर्च द्या" असा व्हॉट्सॲपवरून उतरवलेला माहिती अधिकाराचा अर्ज मी सरळ परत करतो. आपल्या राज्यात अर्ज 150 शब्दांचा आणि एकाच विषयाचा हवा. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, पण प्रतींचा गठ्ठा मागण्याआधी अभिलेख पाहायला मागावा, पहिल्या तासाला शुल्क नाही. अर्ज दिला त्याच दिवशी मी डायरीत तिसावा दिवस लिहून ठेवतो. उत्तर आलं नाही, तर पहिल्या अपिलाचे 30 दिवस तिथून मोजायचे.