घरची गाडी ठरवण्याआधी: एसयूव्ही, सात सीटर की वॅगन

तयारी शोरूमपासून नाही, कॅलेंडरपासून सुरू करा. गेल्या वर्षभरात एकाच गाडीतून सहा-सात माणसं किती दिवस गेली, ते घरात सगळ्यांना विचारून कागदावर लिहा. गणपतीला गावी जाणं, दोन लग्नं, कुलदैवताचं दर्शन आणि दिवाळीतली सहल एवढंच निघालं, तर त्या दहा-बारा दिवसांसाठी इनोव्हा भाड्याने आणणं परवडतं. बाकी वर्ष मोठी गाडी पोसायची गरज नाही. पण आजी-आजोबा घरातच असतील आणि दर आठवड्याला सहा जण बाहेर पडत असतील, तर पाच सीटर एसयूव्हीचा विचार तिथेच थांबवा. ती कितीही रुबाबदार दिसो, सहावा माणूस तिच्यात कायदेशीरपणे बसत नाही. आरसीवर आसनसंख्या छापलेली असते.

त्याच कागदावर दुसरा रकाना सामानाचा करा, कारण निवड बहुतेक वेळा इथेच चुकते. सात माणसं आणि सात माणसांचं सामान एकाच वेळी मावेल अशी गाडी मध्यम बजेटमध्ये जवळपास नाहीच. अर्टिगाची तिसरी रांग उभी असताना डिकीत २०९ लिटर जागा उरते, कारेन्समध्ये २१६ आणि ट्रायबरमध्ये फक्त ८४. पाच सीटर क्रेटाची डिकी मात्र ४३३ लिटरची आणि चार मीटरच्या आतल्या नेक्सॉनची ३८२. म्हणजे भरलेल्या सात सीटरपेक्षा छोट्या एसयूव्हीत जास्त बॅगा जातात. तिसरी रांग पाडली की चित्र उलटतं: अर्टिगात ५५० लिटर, आणि ट्रायबरच्या मागच्या सीट काढून घरी ठेवल्या तर ६२५. चार-पाच माणसं आणि भरपूर सामान हेच तुमचं नेहमीचं गणित असेल, तर रांग पाडलेली सात सीटर कोणत्याही छोट्या एसयूव्हीला मागे टाकते. लोक ती उगाच माणसांच्या संख्येवरून नाकारतात.

लिटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. उभ्या तिसऱ्या रांगेमागे तळाची खोली जेमतेम असते, त्यामुळे मोठी सुटकेस आडवी जात नाही. उभी ठेवली की मागची काच झाकते आणि जोरात ब्रेक लागला तर ती पुढच्या माणसाच्या मानेवर येते. कोकणातून परतताना तांदळाचं पोतं आणि नारळ हे सामान जातानाच्या यादीत नसतं, तेही धरा. सीएनजी घेणार असाल तर अर्टिगाच्या डिकीत ६० लिटरची टाकी बसते आणि तिसरी रांग उभी ठेवल्यावर बॅगांसाठी फारसं काही उरत नाही. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तो खर्चही लिहून ठेवा. टपावर कॅरिअर लावून भागवू म्हणाल, तर आधी मॅन्युअलमध्ये छताची भारमर्यादा बघा. कित्येक गाड्यांचे रूफ रेल नुसते शोभेचे असतात आणि जिथे खरे असतात तिथेही कॅरिअरचं स्वतःचं वजन त्याच मर्यादेत मोजलं जातं. वर ओझं चढलं की घाटातल्या वळणावर गाडी झुकते, हे वेगळंच.

वॅगनचा पर्याय आपल्याकडे जवळपास कागदावरच आहे. बलेनो अल्टुरा आली, २००४ मध्ये इंडिगो मरिना आली, ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, आणि सगळ्या गेल्या. सेडानसारखी बुटकी, स्थिर आणि मागे लांबलचक डिकी ही खरं तर कुटुंबासाठी उत्तम रचना. पण इथल्या गिऱ्हाइकाला आधी सेडानचा वेगळा डबा हवा होता आणि नंतर उंची हवी झाली. सेकंड हँड मिळाली तर घेण्याआधी मागचा दरवाजा, मागची काच आणि टेललाइट मिळतात का, हे सुट्या भागांच्या दुकानात विचारा. इंजिनाचे भाग सेडानचेच असल्याने त्यांची चिंता कमी. नोकरीसाठी जर्मनीला चाललेल्यांनी मात्र इथली एसयूव्हीची आवड बाजूला ठेवावी. तिथे ऑक्टाव्हिया कॉम्बी ६४० लिटरची डिकी देते, सामान चढवायचा काठ खाली असतो, आणि मूल १२ वर्षांचं किंवा १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत चाइल्ड सीट लागतेच, ती लावायला मागे ऐसपैस जागा असते. अमेरिकेत हेच काम सरकत्या दारांची मिनिव्हॅन करते. आपल्याकडे सरकतं दार एक तर ईकोला आहे, नाहीतर थेट कार्निव्हलसारख्या महागड्या गाड्यांना. मधल्या बजेटमध्ये ते मिळत नाही, म्हणून सोसायटीच्या अरुंद जागेत दार किती उघडतं ते मोजावं लागतं.

तेव्हा टेप घेऊन खाली उतरा. मुंबईच्या विकास नियमांत छोट्या गाडीची पार्किंगची जागा २.३ बाय ४.५ मीटर धरलेली आहे. अर्टिगा ४,४३५ मिलिमीटर लांब, म्हणजे जेमतेम साडेसहा सेंटिमीटर शिल्लक. कारेन्स ४,५४०, म्हणजे नाक बाहेर. इनोव्हा हायक्रॉस ४,७५५. तुमची जागा खांबाला लागून असेल तर खांब दारासमोर येतो की चाकासमोर, हेही बघा, कारण सात सीटरचं मागचं दार लांब असतं. मेकॅनिकल पार्किंग असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा त्याच्या पाटीवर लिहिलेली असते. सेडान दीड मीटरच्या आसपास, क्रेटा १,६३५ मिलिमीटर, अर्टिगा १,६९०, हायक्रॉस १,८०० च्या घरात. वरच्या मजल्याची पाटी १,५५० म्हणत असेल तर प्रश्न तिथेच मिटला. बुकिंगनंतर ही पाटी वाचणारे लोक दर सोसायटीत सापडतात.

शोरूमला जाताना सोबत घ्यायच्या वस्तू: टेप, घरातल्या दोन मोठ्या सुटकेस, चाइल्ड सीट असेल तर तीही, आणि ज्येष्ठ माणूस. पहिलं काम, दुसरी रांग उंच माणसाच्या गुडघ्याला पुरेल एवढी मागे सरकवा आणि मग तिसऱ्या रांगेत मोठं माणूस बसवा. सेल्समन आधी दुसरी रांग पुढे ओढून दाखवतो, ते मान्य करू नका. मांड्या सीटवर टेकतात की गुडघे छातीशी येतात, डोकं छताला लागतं का, डोक्यामागे काचेपर्यंत किती अंतर आहे, हे बघा. चार मीटरच्या आतल्या गाडीची तिसरी रांग दहा-बारा वर्षांच्या मुलांपुरतीच धरावी. एसी चालू करून भर दुपारी पंधरा मिनिटं तिथे बसा. काही गाड्यांत छतावरचा ब्लोअर आतलीच हवा मागे ढकलतो, त्यामुळे पुढची केबिन थंड होईपर्यंत मागे गरमच येतं.

चाइल्ड सीट दुसऱ्या रांगेत डाव्या बाजूला लावली की तिसऱ्या रांगेचा रस्ता बंद होतो, कारण तीच सीट दुमडून मागे जायचं असतं. दोन मुलांच्या दोन सीट दोन्ही कडांना लागल्या तर सात सीटर प्रत्यक्षात पाच सीटरच राहते. यावर उपाय म्हणजे मध्ये वाट असलेली सहा सीटर, ज्यात दुसऱ्या रांगेला दोन सुट्या खुर्च्या असतात. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हूक कुठल्या सीटला आहेत ते हात घालून तपासा. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली दंडाचा विषय आहे. मधल्या जागेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, तेही बघा. भारत एनकॅप या क्रॅश टेस्टचे तारे बघताना मोठ्यांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे वाचा: मोठ्यांचे ३२ पैकी, मुलांचे ४९ पैकी. जुन्या पद्धतीच्या चाचणीतले तारे नव्याशी जुळवू नका.

ज्येष्ठांसाठी सीटची जमिनीपासूनची उंची मोजा. सेडानमध्ये खाली बसावं लागतं, उंच एसयूव्हीत चढावं लागतं. घरातल्या पलंगाच्या उंचीच्या जवळ जाणारी सीट बरी, आणि ती सहसा एमपीव्हीची, म्हणजे अर्टिगासारख्या कुटुंबाच्या गाडीची, निघते. साडी नेसून पाय आत घेताना दाराचा उंबरा अडतो का, धरायला हँडल आहे का, हे नुसतं विचारू नका, करून बघा. साइड स्टेप लावली तर ती बाहेर आलेली असल्याने उतरताना पाय लांब टाकावा लागतो. काहींना सोयीची, काहींना त्रासाची.

इंजिन घाटाच्या हिशेबाने ठरवा. सात जणांचे साधारण ४५५ किलो, वर सामान. गाडीच्या पाटीवरच्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा, उरेल तेवढाच भार. टर्बो नसलेलं १.५ लिटर पेट्रोल इंजिन भरल्या गाडीत, एसी चालू ठेवून कुंभार्ली किंवा आंबोली चढताना दुसऱ्या गिअरमध्ये आणि वरच्या आरपीएमला ठेवावं लागतं. ओव्हरटेक करताना अंदाज चुकतो तो याचमुळे. मागे वजन पडलं की पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी पावसाळ्यात ओल्या चढावर सुरुवातीला घसरते. इनोव्हा क्रिस्टाची ताकद मागच्या चाकांना मिळते, म्हणून तिला हा त्रास कमी. टेस्ट ड्राइव्हला म्हणूनच एकट्याने जाऊ नका, चार-पाच माणसं भरून जा आणि स्पीडब्रेकरवर मागची बाजू घासते का ते ऐका. छापील ग्राउंड क्लिअरन्स भरलेल्या गाडीत तेवढा राहत नाही. डिझेल हवं असेल तर रोजची फेरी बघा. शाळा आणि भाजी एवढीच चार किलोमीटरची धाव असेल तर एक्झॉस्टमधला डीपीएफ फिल्टर काजळीने तुंबतो. त्याला अधूनमधून महामार्गावर एकसारख्या वेगाने पळावं लागतं.

पैशांच्या रकान्यात गोंधळ होतो तो जीएसटीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते. बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. म्हणून ट्रायबर १८ मध्ये, पण चार मीटरच्या आत असूनही १,४६२ सीसीची ब्रेझा ४० मध्ये. अर्टिगाही ४० मध्येच. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १३ ते १५. नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो आणि १,५०० सीसीची रेषा ओलांडली की तो दुपटीहून जास्त होतो. किंमत १० लाखांवर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, वर द्यावा लागतो, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो.

ताबा घेण्याच्या दिवशी उजेडात जा. चासी नंबर कागदाशी जुळवा, उत्पादनाचा महिना बघा, चारही टायरच्या तारखा वाचा. स्टेपनी कुठे आहे ते काढून दाखवायला सांगा: ती डिकीच्या तळाखाली असेल तर पंक्चर झाल्यावर भर रस्त्यात सगळं सामान उतरवावं लागतं, आणि गाडीखाली टांगलेली असेल तर तिचा बोल्ट आजच फिरवून बघा, वर्षभराच्या चिखलाने तो गंजतो. ड्रायव्हरच्या दारापाशी हवेचे दोन आकडे असतात, एक रोजचा आणि एक पूर्ण भाराचा. त्या पाटीचा फोटो काढून ठेवा.