तालमीला निमंत्रण नसतं: हजेरीचं साधन निवडताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आमच्या दोन अंकी नाटकाच्या एका तालमीला ११ जण हजर होते. पात्रं १४. दुपारी ग्रुपवर टाकलेल्या पोलमध्येही ११ 'येणार' होते, म्हणजे पोल अगदी खरा ठरला. तरी त्या संध्याकाळी तालीम झाली नाही. बसवायचा होता दुसऱ्या अंकातला पंचायतीचा प्रवेश, आणि न आलेले तिघं म्हणजे सरपंच, त्याचा भाऊ आणि तलाठी. दिग्दर्शकाने दोनदा प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या जागी दुसरे, उभे करून पाहिले, मग संहिता मिटली. आम्ही चहा घेतला, राजकारणावर बोललो, साडेनऊला शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत आला आणि सगळे घरी गेले.

हौशी संस्थेत ज्याला भूमिका नसते त्याच्या गळ्यात हजेरी पडते. आमच्याकडे तो मी. व्हॉट्सॲप, गूगल फॉर्म, शीट, खेळाच्या टीमसाठी असलेली ॲप्स असं बरंच वापरून झालं. बहुतेक घोळ साधनाचे नव्हते, आम्ही साधनाला काय विचारत होतो त्याचे होते.

'येणार का?' असं विचारणं

ही मूळ चूक. पोल, इव्हेंट, आरएसव्हीपीची (येणार की नाही ते कळवण्याची) ॲप्स ही सगळी मंडळी लग्न-वाढदिवसाच्या घरची. तिथे यजमानाला पानांचा अंदाज हवा असतो, आणि ज्याने उत्तर दिलं नाही तो येणार नाही असं धरून चालतं. तालमीचं उलट आहे. भूमिका घेतली त्या दिवशीच माणसाने 'येणार' म्हटलेलं असतं. रोज नव्याने विचारलं की आपणच त्याला सुचवतो, न आलं तरी चालेल म्हणून.

म्हणून प्रश्न फिरवा: 'कोणत्या तारखांना जमणार नाही?' वाचन संपून भूमिका वाटल्या की त्याच आठवड्यात एक गूगल फॉर्म पाठवा आणि प्रयोगापर्यंतच्या अडचणीच्या तारखा एकदाच मागून घ्या. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे तालमींच्या मध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी, सहामाही परीक्षा हे सगळं येणारच. नाइट शिफ्ट, भाचीचं लग्न, कोर्टाची तारीख ही माणसाला महिनाभर आधी माहीत असतात. फक्त कुणी विचारलेलं नसतं. त्यानंतर ज्याने काही कळवलं नाही तो येणार, हा नियम पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

डोकी मोजणं, प्रवेश न मोजणं

शीट करायचीच तर अशी करा: आडव्या ओळीत प्रवेश, उभ्या रकान्यात पात्रं, ज्या प्रवेशात जो आहे तिथे खूण. शेजारच्या पानावर तारखा आणि अडचणी. दोन्ही पानं समोर ठेवली की मंगळवारी कोणता प्रवेश होऊच शकत नाही ते पंधरा मिनिटांत दिसतं. सूत्रं लावता येत असतील तर उत्तम, नाहीतर पेन्सिलीने करा. नाटक चौदा-पंधरा माणसांचं असतं, हिशेब आयकराचा नसतो.

याचा दुसरा फायदा असा की ज्यांचा प्रवेश नाही त्यांना त्या दिवशी बोलवायचंच नाही. दोन संध्याकाळी नुसतं भिंतीला टेकून बसलेला नट तिसऱ्या संध्याकाळी येत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

व्हॉट्सॲप पोलला हजेरीपट समजणं

पोल वाईट नाही, पण त्याची एक खोड ओळखून असा. कोणी काय मत दिलं ते दिसतं. कोणी मतच दिलं नाही ते कुठेच दिसत नाही. २६ जणांच्या ग्रुपमध्ये १७ मतं पडली की उरलेले नऊ कोण, हे तुम्हाला यादी समोर घेऊन वजाबाकीने काढावं लागतं. नेमका ज्यांना फोन करायचा असतो ते हेच नऊ. शिवाय पोल टाकताना एकाहून जास्त उत्तरांची मुभा सुरू राहिली तर एकच माणूस 'येणार' आणि 'उशीर होईल' दोन्हीवर टिचकी मारतो आणि बेरीज बिघडते. ते बटण आधी बंद करा. आणि 'बघतो' हा पर्याय ठेवूच नका. आपल्याकडे 'बघतो' आणि 'प्रयत्न करतो' यांचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

अंगठ्याचंही तेच. 'उद्या ७ वाजता तालीम' या निरोपाखाली पाच अंगठे उमटतात. त्यातले दोन म्हणजे 'वाचलं', दोन म्हणजे 'येतो', आणि एक आमच्या नेपथ्यवाल्यांचा, ते सुप्रभातालाही अंगठाच देतात. हजेरीच्या निरोपाला अंगठा चालणार नाही, शब्दांत लिहा, असं आम्ही शेवटी ठरवून टाकलं.

फॉर्ममध्ये नाव टाइप करायला सांगणं

पहिल्या वर्षी आम्ही हे केलं. एकच माणूस तीन दिवसांत तीन नावांनी आला: एकदा मराठीत पूर्ण नाव, एकदा इंग्रजीत आद्याक्षरं, एकदा घरचं लाडकं नाव. शीटने इमानदारीत तीन माणसं मोजली. नावाला नेहमी ड्रॉपडाउन ठेवा. यादी एकदा टाइप करायचा कंटाळा परवडतो.

फॉर्मच्या आणखी काही तक्रारी वारंवार येतात. 'उघडत नाही, लॉगिन मागतो' असं कोणी म्हणालं तर सेटिंगमध्ये 'एकच उत्तर' ही अट सुरू आहे का पाहा. ती लावली की गूगल खात्यातून आत यावंच लागतं. फाइल जोडायला सांगणारा प्रश्न असला तरी तसंच होतं. अट काढून टाका आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी आल्या तर शेवटची धरा.

तारखा उलटसुलट दिसत असतील, म्हणजे ५ नोव्हेंबर लिहिलं आणि ११ मे झालं, तर शीटच्या सेटिंगमधलं लोकेल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ती निवड, अमेरिकेचं आहे. ते भारत करा, तिथेच टाइमझोनही तपासा. उत्तराची वेळ भलतीच दिसते त्याचं कारण बहुधा तेच असतं. नव्या नोंदी भरण्याआधी हे करा, कारण आधीच चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

शीट सगळ्यांना लिहायला मोकळी सोडणं

कुणीतरी मदत म्हणून नावं अकारविल्हे लावली. फक्त नावांचा रकाना निवडून. नावं सरकली, खुणा जागेवरच राहिल्या, आणि आमची नायिका कागदोपत्री महिनाभर गैरहजर झाली. शीटमध्ये जुन्या आवृत्त्यांचा इतिहास असतो, तिथून आदल्या रात्रीची परत आणली. तेव्हापासून लिंक फक्त बघण्यापुरती. लिहिण्याचा हक्क दोघांना.

बालनाट्य असेल तर ही काळजी दुप्पट. मुलांची नावं, शाळा, पालकांचे नंबर एकाच उघड्या शीटमध्ये ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी कुठल्या मुलाला रात्री कोण न्यायला येतं, ही गोष्ट चाळीस जणांना कळायचं कारण नाही.

नवं ॲप सगळ्यांच्या माथी मारणं

स्पाँड, टीमस्नॅप ही ॲप्स मुळात खेळाच्या संघांसाठीची. उत्तर न दिलेल्यांना आठवण करण्याची सोय त्यांत असते, जी पोलमध्ये नाही. मोठा संच, दोन-तीन नाटकं एकदम, तरुण पोरं असतील तर जरूर बघा. आमच्याकडे ते तीन आठवडे टिकलं. आजीची भूमिका करणाऱ्या काकूंचा फोन पासवर्डातच अडकला. मग ठरलं की त्यांना दुपारी फोन करायचा: "काकू, आज पहिला प्रवेश घेतोय, साडेसहाला याल ना?" त्या फोनमुळे काकूंच्या पाठीचं दुखणंही आम्हाला वेळेवर कळलं आणि दुसऱ्या अंकात त्यांना खुर्ची मिळाली.

प्रेक्षकांसाठी मात्र आरएसव्हीपीच वापरा

निमंत्रितांच्या प्रयोगाला 'येणार का?' हा प्रश्न योग्यच आहे. फक्त उत्तरं मोजू नका, खुर्च्या मोजा. 'किती जण?' याला आकडा सक्तीचा करा, नाहीतर 'आम्ही सगळे' अशी उत्तरं येतात.

'येणार'लाच 'आला' समजणं

सांगितलेली हजेरी आणि झालेली हजेरी या दोन वेगळ्या नोंदी. पहिलीला फोन ठीक, दुसरीला दाराशी वही, दोरीने बांधलेलं पेन आणि नावापुढे आल्याची वेळ. दुसऱ्याची वेळ कोणी लिहायची नाही, एवढाच नियम. याच वहीतून लक्षात आलं की आमचे सावकाराची भूमिका करणारे नट इतर दिवशी वेळेवर असतात आणि दर मंगळवारी ७ वाजून २५ मिनिटांनी येतात. विचारलं तर म्हणाले, मंगळवारी मुलीला क्लासहून आणायची पाळी त्यांची असते. आता मंगळवारी आम्ही आधी गाणी घेतो.