जुने बहुस्वरी वृंदगायन बसवताना : सांगली-मिरजेच्या संचालकांसाठी

युरोपातील सोळाव्या शतकाचे बहुस्वरी वृंदगायन (ज्यात प्रत्येक ‘आवाज’, म्हणजे गायनाचा हिस्सा, एकाच वेळी आपली वेगळी सुरावट गातो) बसवू इच्छिणाऱ्या संचालकाने आधी मोठ्या संख्येचा आग्रह सोडावा. इंग्रज रचनाकार विल्यम बर्ड (मृत्यू १६२३) हा कॅथलिक होता आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्याच्या पंथाच्या उपासनेला बंदी होती. त्यामुळे तीन, चार व पाच आवाजांसाठीच्या त्याच्या मासरचना (कॅथलिक उपासनाविधीची गीते) घरातल्या घरात, लपूनछपून, मोजक्या गायकांना गाता येतील अशाच बेतलेल्या आहेत. चार आवाजांच्या रचनेला सुरात पक्के असलेले चार गायक पुरतात.

पहिल्या तालमींना पेटी आणू नये. तिचा गंधार शुद्ध ५:४ प्रमाणातील गंधाराहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. त्याऐवजी जवारी नीट उघडलेला मिरजेचा तानपुरा घ्यावा आणि खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार सर्वांना ऐकवावा. बासने (सर्वांत खालचा आवाज) षड्ज, टेनरने (त्यावरचा आवाज) पंचम धरावा. आल्टोने (टेनरवरचा आवाज) गंधार लावून तो किंचित उतरवत न्यावा. आवाजांमधली थरथर जिथे थांबते, तिथे तो गंधार बसला. एवढे साधले की तानपुरा गवसणीत घालावा, कारण या रचनांत आधारस्वर सतत बदलतो आणि अखंड षड्ज पुढच्या स्वरमेळांना खटकतो. आपल्याकडच्या गायकांना हा निरोप फार जड जातो.

प्रत्येकाने आपला आवाज स्वतंत्र चीज असल्यासारखा सरगमीत पाठ करावा. मींड, कण, आंदोलन यांना येथे जागा नाही. स्वर सरळ लावावा. मूळ छापील वह्यांत प्रत्येक गायकापुढे केवळ त्याचाच आवाज असे आणि मात्रांचे विभाग पाडणाऱ्या उभ्या रेघा नसत. म्हणून समेवर जोर देण्याची सवय मोडून शब्दाच्या आघातावर वजन टाकावे. संचालकाने हात संथपणे खाली-वर करून लय दाखवावी, तबला नको. मुख्य गायक कोणीच नसल्याने, ज्याच्याकडे सुरावट नव्याने येते त्याने पुढे यावे आणि इतरांनी आवाज आवरावा.

आरंभी ‘समर इज इकुमेन इन’ हे तेराव्या शतकातील गीत घ्यावे : चार आवाज एकामागून एक तीच चाल उचलतात, खाली दोन आवाज एक छोटे पालुपद घोळवत राहतात. त्यानंतर १६०५ मध्ये छापलेली बर्डची ‘आवे वेरुम कोर्पुस’ ही चार आवाजी रचना बसवावी. लॅटिन शब्द देवनागरीत लिहून दिल्यास स्वरोच्चार चटकन जमतात. सोळाव्या शतकातील इंग्रज रचनाकार टॅलिसच्या चाळीस आवाजांच्या रचनेचा मोह टाळलेलाच बरा. स्वरलिपी कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. मात्र तीत छापलेली पट्टी बंधनकारक मानू नये. त्या काळी पट्टीचे सर्वमान्य माप नव्हते, तेव्हा बासचा सर्वांत खालचा स्वर खणखणीत लागेल ती पट्टी ठरवावी.

प्रयोगासाठी पडद्यांनी आवाज गिळणारे नाट्यगृह न निवडता दगडी भिंतींचे, उंच छताचे दालन शोधावे, गायकांना अर्धवर्तुळात जवळजवळ उभे करावे आणि प्रत्येकापुढे माइक ठेवू देऊ नये.