ॲलर्जीचं पेन जवळ आहे ना? मग या चुका टाळा

"इंजेक्शन होतं ना जवळ?"
"होतं की. पर्समध्ये."
"मग दिलं का नाही?"

कॅज्युअल्टीत नर्स म्हणून, जीवघेण्या ॲलर्जीच्या (ॲनाफिलॅक्सिसच्या) पेशंटच्या घरच्यांशी हा संवाद माझा इतक्यांदा झालाय की पुढचं उत्तरही पाठ आहे: "म्हटलं, आधी गोळी देऊन बघू."

या "बघू"चा मला मनस्वी राग येतो. एका बाईंना मधमाशी चावली. अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली. नवऱ्याने ॲलर्जीची गोळी दिली. वीस मिनिटांनी आणखी एक. ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे मांडीवर दाबलं की औषध आपोआप टोचणारं पेनासारखं इंजेक्शन, खिशातच, कारण ते "अगदीच वेळ आली तर" वापरायचं, अशी त्यांची समजूत! वेळ केव्हाच आली होती.

गोळीने खाज आणि गांधी कमी होतात, त्याही सावकाश. सुजलेला घसा ती मोकळा करत नाही, घसरलेलं बीपी वर आणत नाही. ॲड्रेनलिन ही दोन्ही कामं करतं आणि काही मिनिटांत करतं. आवाज बदलला, धाप लागली, जीभ सुजली, घेरी आली, यातलं काहीही दिसलं की पेन मांडीत. पुरळ नाही म्हणून थांबू नका; काहींना पुरळ येतच नाही. "हृदयाला त्रास होईल" ही भीतीही नेहमीची. धडधडतं, हात थरथरतात, पण थोड्या वेळात उतरतं. टोचून झालं की लगेच अँब्युलन्स बोलवा, बरं वाटत असलं तरी.

दुसरी चूकही त्याच घरात झाली. त्या गृहस्थांनी बायकोला तीन जिने चालवत खाली आणलं. शेवटच्या पायरीवर त्या कोसळल्या. या आजारात रक्तवाहिन्या सैलावतात आणि उभं राहिलं की रक्त पायांत साठून हृदयाकडे पुरेसं परतत नाही. नुसतं एकदम उठून बसल्यानेही जीव गेलेले आहेत. म्हणून आडवं झोपवायचं, पाय उंच. धाप असेल तर पाय लांब करून बसवायचं. गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तरी कुशीवरच. बाथरूमला जाऊ द्यायचं नाही, "मी चालते हो" ऐकायचं नाही. त्या बाई वाचल्या, पण आमची पळापळ विचारू नका.

बाकीच्या चुका भरभर सांगते. टोचायचं मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला. दंडात नाही, कमरेत नाही. पँट उतरवत बसू नका, कपड्यावरून चालतं. पेन मुठीत धरा, टोकावर अंगठा ठेवू नका. पेन उलटं धरून स्वतःच्याच अंगठ्यात सुई घुसवून घेणारे दरवर्षी भेटतात. पेनवर लिहिलेत तेवढे सेकंद दाबून धरा. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं पेन. म्हणजे पेनं दोन हवीत आणि दोन्ही सोबत. एक घरी नि एक ऑफिसात ठेवणारा माणूस नेमका बसमध्ये आजारी पडतो.

फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हातल्या गाडीतही नाही. औषध तपकिरी दिसलं किंवा तारीख उलटली की बदला. पण ऐन वेळी हाताशी जुनंच असेल आणि औषध स्वच्छ दिसत असेल, तर न देण्यापेक्षा ते द्या.

बरं वाटलं की घरी पळायची घाई करणारे वेगळेच. काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून डॉक्टर थांबवून ठेवतात. तिथे हुज्जत घालू नका.

आणि व्हिडिओ बघून "येतं मला" म्हणू नका. सुई नसलेलं सरावाचं पेन मिळतं, ते घ्या. त्या गृहस्थांना मी डिस्चार्जच्या दिवशी ते हातात दिलं आणि उशीवर मारायला लावलं. सहा वेळा मारलं, त्यात दोनदा उलटं.