खड्ड्यात खटखट, स्टिअरिंगला थरथर: दोष टाय रॉड एंडचा
गगनबावडा रोडला प्रत्येक खड्ड्यात पुढून खटखट, वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायचं. चाकांचं बॅलन्सिंग केलं, सस्पेन्शनचे लिंक रॉड बदलले. पैसे गेले, आवाज तसाच. डोकं फिरलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावला. चाक वर-खाली हलवलं: घट्ट. (हललं असतं, तर ब्रेक दाबून परत बघायचं; खेळ (सैलपणा) गेला तर चाकाचं बेअरिंग खराब, राहिला तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट.) मग डावी-उजवी कड धरून हलवलं, तसा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) कटकटला. त्याचं रबर फाटलेलं, आत ग्रीसऐवजी माती.

एंड दांड्यावर घट्ट धरणारा लॉकनट सैल केला, नट फिरू न देणारी कॉटर पिन काढून नट सोडला. एंड किती आटे फिरून निघतो ते मोजलं, नवा तेवढेच आटे फिरवून बसवला. कॉटर पिनही नवीच. लगेच अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं), ते टाळलं तर टायर कडेनं झिजतो.